डिफॉल्टर कोण?

आमचा अण्णा नायगावच्या बीडीडी चाळीत टीबीनं खंगला. कोर्स सहा महिन्यांचा. गोळी दवाखान्यात, त्यांच्या डोळ्यांसमोर खायची. दोन महिन्यांत खोकला थांबला नि अण्णा परत रोजंदारीवर गेला. दवाखाना गाठला की खाडा पडायचा. गोळ्या सुटल्या. केसपेपरवर लिहिलं : 'डिफॉल्टर'. जसं काही बँक बुडवून पळाला!

अर्धवट उपचारानं जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हे खरं. १६० चौरस फुटांच्या खोलीत आम्ही सात जण निजायचो. अण्णाचा खोकला त्याच्या एकट्याचा नव्हता. गोळी घेणं हे कर्तव्यच, ते मी नाकारत नाही.

पण कर्तव्य एकट्या रोग्याचं? २०१८ साली सरकारनं ठरवलं, क्षयाची नोंद न कळवणाऱ्या डॉक्टरला, औषधवाल्याला कैद होऊ शकते. त्याच साली रोग्याच्या पोटासाठी महिना ५०० रुपये आले, २०२४ च्या नोव्हेंबरपासून १०००. एवढ्यात बुडालेली मजुरी निघते? आणि २०२४ च्या मार्चमध्ये सरकारी गोळ्याच तुटल्या. केंद्र राज्यांना म्हणालं, तुमच्या तुम्ही विकत घ्या. तेव्हा डिफॉल्टर कोण? तो शिक्का कुणाच्या कागदावर मारला?

दोस्तांनो, वस्तीत कुणाची गोळी सुटली तर त्याला दवाखान्यात घेऊन जा. आणि त्याची मजुरी कापणाऱ्याच्या दारातही जा.