इचलकरंजी, वरून पाहताना

इचलकरंजीत घर सांगायला नंबर फारसा कधी लागला नाही. सायझिंगच्या मागं, तालमीच्या अलीकडं, तिथं कुणालाही विचारा. एवढ्यावर पाहुणा दारात हजर व्हायचा. नकाशे नव्हते असं नाही. गावनकाशा तलाठ्याच्या दप्तरात होता, गावठाणातल्या मिळकतींची मापं सिटी सर्व्हेत होती. पण ती कागदं बाहेर निघायची वाटणीच्या वेळी, नाहीतर बांधाच्या भांडणात. लहानपणचं घर डोळे भरून बघायला कुणी नकाशाची नक्कल मागितली, असं ऐकिवात नाही.

आभाळातून टिपलेली चित्रं तर त्याहून लांब. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासून देश मोजतो आहे, तरी त्याचे कितीतरी नकाशे सुरक्षेच्या कारणानं सामान्यांच्या हाती लागत नसत. जून २००५ मध्ये गूगल अर्थ आलं आणि ती चित्रं सायबर कॅफेत उघडायला लागली. त्याच वर्षी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी संवेदनशील ठिकाणं अशी उघडी पडण्याबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली. काळजी रास्तच होती. बघणाऱ्यांची बोटं मात्र लष्करी तळाकडं न जाता आपल्याच गल्लीकडं वळत होती.

ही हौस केवढी मोठी गोष्ट होऊ शकते, ते सरू ब्रायर्लीनं दाखवलं. खंडव्याच्या गणेश तलाई भागातला हा पोरगा १९८६ मध्ये, जेमतेम पाच वर्षांचा असताना, जळगावला लागून असलेल्या बऱ्हाणपूरच्या स्टेशनावर भावापासून चुकला आणि रेल्वेनं थेट कलकत्त्याला पोचला. पुढं ऑस्ट्रेलियातल्या एका जोडप्यानं त्याला दत्तक घेतलं. मोठेपणी त्यानं गाडीचा अंदाजे वेग आणि प्रवासाचे तास यांचा हिशेब मांडला, हावड्यापासून निघणारा एकेक रूळ पडद्यावर मागं मागं नेला. २०११ मध्ये त्याला बऱ्हाणपूरची पाण्याची टाकी ओळखू आली. तिथून रूळ धरून खंडवा. दुसऱ्या वर्षी तो प्रत्यक्ष गेला, तर घराला कुलूप! आई जवळच राहायला गेली होती, आणि तिच्यापर्यंत त्याला नेलं ते वस्तीतल्या एका माणसानं. ‘लायन’ हा २०१६ चा चित्रपट याच हकिकतीवरचा.

इचलकरंजीच्या पोराला मात्र रूळ धरून येता येणार नाही, कारण गावाला रेल्वेच नाही, स्टेशन हातकणंगल्याला. त्यानं पंचगंगा धरावी. नरसोबावाडीच्या संगमापासून नदीच्या उलट्या दिशेनं सरकलं की गाव येतं आणि खरी पंचाईत तिथं सुरू होते. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला. त्यानंतर शेडला शेड लागत गेली. वरून पाहावं तर करड्या पत्र्यांच्या रांगाच रांगा, आणि कुठल्या पत्र्याखाली घर, कुठल्याखाली कारखाना, काही उमगत नाही. सुताला खळ देणाऱ्या सायझिंगची उंच चिमणी नुसता ठिपका होते. तिची सावली मात्र कामाला येते. बरेचसे उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातात, त्यामुळं हिवाळ्यातल्या चित्रात ही सावली वायव्येकडच्या छपरांवर लांब पसरलेली असते. सावलीवरून चिमणी, चिमणीवरून बोळ. धोट्याची खटखट ऐकून जो पोरगा डोळे मिटून घरी यायचा, त्याला ही नवी विद्या शिकावी लागते.

२००९ मध्ये गूगल अर्थमध्ये जुनी चित्रं पाहायची सोय झाली आणि शोधाचा रोखच बदलला. घर कुठं आहे याच्या जोडीला, ते कधीपर्यंत होतं, हेही बघता येऊ लागलं. पण बारीक तपशिलाची व्यावसायिक चित्रं सुरू झाली १९९९ च्या आसपास. त्याआधी पडलेल्या घराचं छप्पर ओळखण्याइतकं स्पष्ट चित्र तिथं मिळत नाही. १९९३ च्या भूकंपाआधीची किल्लारी या पडद्यावर शोधणं व्यर्थ आहे.

आणि जे दिसतं, तेही अर्धंच. वरचा पत्रा तोच असतो. खाली साधे माग भंगारात जाऊन शटललेस बसलेले असतात. घर चुलत्यांच्या वाट्याला गेलं की विकलं, हे उपग्रहाला कळत नाही. त्यासाठी मिळकत पत्रिका काढावी लागते. तीही आता ऑनलाइन मिळते म्हणा. फक्त सिटी सर्व्हे नंबर ठाऊक हवा, आणि त्यासाठी बहुधा गावाकडच्या काकांनाच फोन लावावा लागतो.