दूर किती, जवळ किती?



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १३, श्लोक १५ (काही प्रतींत हा १६वा आहे).

या श्लोकात भगवान परब्रह्माबद्दल सांगतात की ते दूरही आहे आणि जवळही आहे. माझ्या इंजिनीअर डोक्याला हे आधी पटायचं नाही. दोन बिंदूंमधलं अंतर एकच असणार ना?

पण विमानाचा प्रवास बघा. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. थेट विमानाला जाताना १६ तासांच्या आसपास लागतात, येताना त्याहून कमी. कारण खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीमचे जोरदार वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. शहरं तीच, अंतर तेच, तरी घरी येणं लवकर होतं.

गेल्या वर्षी बाबांचं ऑपरेशन ठरलं. दादा न्यू जर्सीत असतो. त्याने फोन ठेवला, तिकीट काढलं आणि तिसऱ्या दिवशी साताऱ्याच्या घरात हजर झाला. मी पुण्यात राहतो. पुणे-सातारा ११० किलोमीटर, गाडीने अडीच तास. आणि त्याआधी चार महिने मी घरी फिरकलोच नव्हतो! कधी रिलीज, कधी ट्रॅफिक, आणि कायमचं ठरलेलं वाक्य, "पुढच्या शनिवारी नक्की."

बाबा काही बोलले नाहीत. आई मात्र भाजी निवडता निवडता सहज म्हणाली, "तो लांब आहे, म्हणून त्याची रोज वाट बघत नाही रे. तू जवळ आहेस, म्हणून तुझी बघते."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

आद्य शंकराचार्य या श्लोकाच्या भाष्यात म्हणतात की अज्ञान्याला ते कोट्यवधी वर्षांनीही मिळत नाही, म्हणून दूर. ज्ञान्याचं ते स्वतःचंच स्वरूप, म्हणून जवळ. गंमत बघा, आचार्यांनी हे अंतर कोसांत नाही, वर्षांत मोजलं! आपणही "न्यूयॉर्क १६ तासांवर आहे" असंच म्हणतो. मग माझं सातारा किती दूर होतं? अडीच तास नाही, चार महिने.

ज्याला व्हिसा, रजा किंवा पैशांमुळे येताच येत नाही, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्न माझ्यासारख्यांचा आहे, ज्यांना कधीही जाता येतं. "कधीही जाता येईल" हेच न जाण्याचं कारण होऊन बसतं. जवळ असणं ही नुसती सोय झाली. जाणं हा धर्म. आणि अंतर जितकं कमी, तितका हा धर्म टाळायला सबब कमी.

देवाच्या बाबतीतही आपलं हेच चालतं. काशीयात्रेचं बुकिंग सहा महिने आधी करतो, आणि जो हृदयातच आहे त्याचं नाम उद्यावर ढकलतो. तो कुठे जातोय, इथेच तर आहे!

आजची साधना छोटीशी आहे. ज्या जवळच्या माणसाला तुम्ही "पुढच्या शनिवारी" म्हणालात, त्याच्याकडे या शनिवारी जा. वाटेत नामस्मरण करा. दोन्ही अंतरं एकदम कमी होतील.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥