दुसऱ्या खेळाडूने करायचं काय?

तुमची दोघांसाठीची लेव्हल मी काल एकट्याने संपवली. दुसरा कंट्रोलर टेबलावर पडून होता. तो उचलावा लागला तो फक्त लिव्हर दाबून धरायला. म्हणजे तुम्ही एकाचा खेळ बनवलात आणि दुसऱ्याला दारावर पहारेकरी म्हणून उभं केलंत. पहिला उड्या मारून येईपर्यंत त्या बिचाऱ्याने करायचं काय? हा प्रश्न लेव्हल बनवणाऱ्या तुम्हा दोघांपैकी एकालाही पडला नाही, याचा मला राग आलाय.

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ‘फायरबॉय अँड वॉटरगर्ल’ खेळलात ना? मग बघितलंत काय? २००९ सालचा, एकाच कीबोर्डवर दोघांनी खेळायचा साधा खेळ. आगीच्या पोराला पाणी मारतं, पाण्याच्या पोरीला लाव्हा, हिरवा चिखल दोघांनाही. एवढ्यावर सगळ्या लेव्हल उभ्या आहेत. बटणं आणि लिव्हर तिथेही आहेत, थांबावं तिथेही लागतं. पण ज्याने वाट उघडून दिली, त्याच्यासाठी पुढे गेलेल्याला पलीकडून बटण दाबावं लागतं. एकाची वाट दुसऱ्याच्या हातात, लगेच उलट. म्हणून मुलं खेळताना ओरडतात: थांब, सोड, आता ये! तुमच्या लेव्हलमध्ये तोंड उघडायला कारणच नाही.

आणि कॅमेरा? ‘कॉन्ट्रा’मधला धबधबा आठवा. पुढचा चढला की पडदा वर सरकतो आणि मागे राहिलेला खालच्या कडेला मरतो. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी भावंडं त्यावरून भांडली. तीच चूक तुम्ही आज करता आणि वर मला ऐकवता, ‘त्याने वेगाने यायचं ना!’ अजिबात नाही. जोडीत एक सराईत आणि एक नवखा असणारच, ते धरूनच लेव्हल आखायची. ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी’मध्ये अवघड जागी बुडबुड्यात शिरता येतं, जोडीदार तो फोडतो. ‘रेमन ओरिजिन्स’मध्ये मार खाल्लेला फुगा होऊन तरंगतो; त्याला थप्पड मारून परत आणायचं. तिथे एकाचं मरण हे दुसऱ्याचं काम होतं. तुम्ही एक मेला की दोघांना थेट सुरुवातीला धाडता. फायरबॉयमध्ये ते खपतं, कारण तिथली लेव्हल छोटी आहे. तुमची लांबलचक, आणि चेकपॉइंट एकही नाही!

खेळाडू एकमेकांना धडकतात, ते का ठेवलंत? आधीपासून तसं होतं म्हणून. वीवरच्या मारिओत धडकणं होतं, २०२३च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’मध्ये ते काढलं. तुम्ही काहीच ठरवलं नाहीत.

लिव्हरची खोली आधी पाडा. मग लेव्हल न पाहिलेले दोघे बसवा, एक सराईत, एक नवखा. तुम्ही मागे गप्प उभं राहायचं. कोण कुठे हात बांधून बसला, ते वहीत लिहायचं. सोमवारी लेव्हलच्या आधी मला ती वही दाखवा.