अलिप्ततेचे सोवळे

राजकारण हे सज्जनांचे काम नव्हे, असे मत आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून इतक्या निःशंकपणे मांडले जाते की, ते केवळ मत आहे याचा विसर पडून त्यास सिद्धांताची प्रतिष्ठा आली आहे. वसई-विरारच्या परिसरात या मतास अनुभवाचाही आधार आहे, हे प्रथमच मान्य करणे न्यायाचे होईल. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून येथे महानगरपालिका स्थापन झाली, ती अनेक गावांच्या मनाविरुद्ध. गावे वगळावीत म्हणून आंदोलने झाली. २०११ मध्ये २९ गावे वगळण्याचा निर्णय शासनाने केलाही, आणि तो न्यायालयात अडकून पडला. पुढे जून २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली व त्यानंतर सुमारे साडेपाच वर्षे, २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर वस्ती भरलेल्या या नगरीचा कारभार एकाही लोकनियुक्त सभासदावाचून, प्रशासकाकरवी चालला. याच काळात, ऑगस्ट २०२५ मध्ये, विरार येथे रमाबाई अपार्टमेंट ही इमारत कोसळून १७ माणसे दगावली. याउपर ज्यास मतदानाकडे पाठ फिरवावीशी वाटली, त्यास मूर्ख म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

परंतु निराश होणे निराळे आणि निराशेस सद्गुण समजणे निराळे. आपला निराश मतदार नुसता कंटाळलेला नसतो. आपण या चिखलात उतरलो नाही याचा त्यास एक प्रकारचा सात्त्विक अभिमान वाटत असतो. या अभिमानाची परीक्षा केली पाहिजे. संन्याशाची अलिप्तता आपण पूज्य मानतो, ती का? तो संसाराच्या कटकटींबरोबर संसाराची सुखेही टाकतो म्हणून. आमचा गृहस्थ मात्र सदनिका ठेवतो, नळ ठेवतो, भिंतीपलीकडचा रस्ता ठेवतो, आणि त्याग करतो तो फक्त त्रासाचा! तो पहाटेची विरार लोकल धरून मुंबईस जातो व रात्री परततो. पण जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली गेले व दारातले पाणी दिवसेंदिवस ओसरेना, तेव्हा त्या पाण्याने राजकारणात पडलेल्यांची व न पडलेल्यांची घरे वेगळी निवडली नाहीत. नगराच्या कारभारास ‘बाहेर’ अशी जागाच नसते. जो बोलत नाही त्याचे मौनही कोणाच्या तरी पारड्यात पडते, आणि ते बहुधा ज्याचे पारडे आधीच जड आहे त्याच्याच.

“आम्ही मत देतो, तेवढे पुरे,” असे म्हणणारा दुसरा एक वर्ग आहे. त्याच्याविषयी मला अधिक आदर आहे. तथापि त्याची समजूतही अपुरी आहे. मतदाराच्या हाती जी यादी येते ती कोणी तरी अगोदरच चाळून ठेवलेली असते. पक्षाचा एबी फॉर्म कोणास मिळाला येथेच अर्धी निवडणूक उरकते. २०१३ पासून ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण उपलब्ध झाले. त्याने राग नोंदवता येतो, पण महापालिकेच्या सभागृहात रागास खुर्ची नसते. अपक्षाची वाटही आता पूर्वीपेक्षा बिकट आहे. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत ११५ जागा २९ प्रभागांत विभागल्या होत्या, म्हणजे बहुतेक प्रभाग चार-चार सभासदांचे. एकट्यादुकट्या उमेदवाराने एवढा मुलूख पायी तुडवावा कसा? अर्थात ज्या ठिकाणी सामान्य माणसाच्या शब्दास खरे वजन येते ते ठिकाण मतदान केंद्र नसून त्यापूर्वीची पक्षाची प्रभागातील बैठक होय. तेथे पंधरावीस माणसे जमत असतील, तर चिकाटीची आणखी पाच माणसे त्या बैठकीचा रंग बदलू शकतात. लाखो मतांत ज्याचे मत बुडून जाते, तोच मनुष्य येथे विसावा-पंचविसावा हिस्सा असतो.

चळवळ करावी, पक्ष नको, हा तिसरा पक्ष. वसईस त्याची मोठी परंपरा आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस येथील हिरव्या पट्ट्यावर बांधकामाचे संकट आले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा धर्मगुरू व साहित्यिक हरित वसईच्या लढ्यात उभा राहिला. त्या लढ्याने पुष्कळ काही अडवले. परंतु अडवणे हा चळवळीचा धर्म आहे, चालवणे हा नव्हे. गावांच्या आंदोलनातून पुढे आलेल्या विवेक पंडित यांना २००९ मध्ये विधानसभेत पाठवण्याची गरज लोकांना भासली, यातच सर्व आले.

“काहीच बदलत नाही” हे तर सरळ खोटे आहे. वसई मतदारसंघातून सहा वेळा निवडून आलेले हितेंद्र ठाकूर नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे तीन हजार मतांनी हरले. २०१५ च्या महापालिकेत ११५ पैकी १०६ जागा बहुजन विकास आघाडीकडे होत्या व भारतीय जनता पक्षाकडे एक. २०२६ मध्ये आघाडीने बहुमत राखले, पण तो एक चाळिसांवर गेला. यांपैकी कोणते चांगले, कोणते वाईट, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला दिसते ते इतकेच की, येथे जो जिंकतो तो मधली पाच वर्षे लोकांच्या दाखल्यांसाठी, प्रवेशांसाठी, प्रेतयात्रांसाठी हजर असतो. ही हजेरी सुशिक्षितास कमीपणाची वाटते, त्यास काय करावे!

राहिला विवेकबुद्धीचा प्रश्न, आणि तो खरा अवघड आहे. पक्षात शिरलेल्या मनुष्यास न पटणाऱ्या गोष्टी गिळाव्या लागतील काय? काही लागतील. उमेदवार आपल्या मनाचा नसेल, फलकावर नको ते चेहरे झळकतील. एवढे सोसण्यास हरकत नाही, कारण घरातही आपण हेच करतो. मात्र खोटी मतदारयादी, पैशाची पाकिटे, धाकदपटशा यांस हात लावू नये, आणि तसे तेथेच बोलून दाखवावे. पक्षादेश बांधतो तो निवडून आलेल्या सभासदास. साध्या सदस्यास बैठकीत उभे राहून ‘नाही’ म्हणण्याची व दुसऱ्या दिवशी राजीनामा देण्याची पूर्ण मोकळीक असते. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पर्यंत पुणे नगरपालिकेचे सभासद होते. ते सरकारनियुक्त होते, म्हणजे मिंधे असावयास पुरेसे कारण होते. तरी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेचा पैसा खर्च करण्याचा ठराव आला तेव्हा त्यांनी एकट्याने विरोध केला. ठराव संमत झाला. पण तो एकमताने झाला असे कोणास लिहिता आले नाही. आणि ते लिहिता येऊ नये म्हणून जोतीरावांना त्या खोलीत असावे लागले.

आताच्या महापालिकेची मुदत २०३१ च्या आरंभापर्यंत आहे. तेव्हाच्या उमेदवारांची नावे तेव्हा जाहीर होतील, पण ती ठरण्यास प्रारंभ आजच झाला आहे. गटाराच्या तक्रारीवरून, मतदारयादीच्या दुरुस्तीवरून, बैठकीस कोण आले आणि कोण आले नाही यावरून.