वृक्षच्छेद केव्हा क्षम्य?

गेल्या वैशाखात रहिमतपूरच्या बाजूस अटनास असता एका वासनिकाने देववंदनानंतर एक प्रश्न पुढे ठेवला. कमंडलू नदीच्या काठी त्यांची शेती आहे. ऊस आणि आले ही पिके घेतात. भावाभावांत वाटणी झाली आणि सामाईक बांधावर आजोबांच्या हातचा एक रायवळ आंबा राहिला. हे गृहस्थ धाकटे. त्यांचे म्हणणे असे की, त्या सावलीखाली माझ्या तीन-चार सऱ्या धरत नाहीत, तेव्हा झाड काढावे. थोरल्या बंधूंचे म्हणणे असे की, झाडाला हात लावाल तर पुन्हा माझ्या दारात येऊ नका. "बाबा, झाड तोडणे पाप आहे की नाही ते एकदा सांगा, म्हणजे हा वाद मिटेल," असे त्यांनी अगदी सरळ मनाने विचारले.

मी त्या वेळी जे बोललो ते उत्तर नव्हते, ती माझी सुटका होती. मी म्हणालो, "आंबा हा कायद्याने राखलेला वृक्ष आहे. आधी परवानगी काढा." हे खोटे नव्हते. १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या अधिनियमात आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही झाडे अनुसूचित आहेत आणि स्वतःच्या मालकीच्या जमिनीतलेही असे झाड परवानगीवाचून तोडता येत नाही. परंतु त्या गृहस्थांनी मला कायदा विचारला नव्हता. पुढचे चार महिने तो प्रश्न माझ्यामागे लागला. त्याचे कारण माझ्याच पूर्वीच्या एका कृत्यात होते. ते पुढे सांगतो.

येथे कोणी अशी शंका घेईल की, भाजी चिरणे, धान्य कापणे, हीही हिंसाच आहे. मग वृक्षापुरताच एवढा विचार कशासाठी? चौऱ्यांशी लक्ष योनींत स्थावरही आले, तेव्हा गवताची काडी आणि वड यांत भेद तो कोणता? समाधान असे की, गृहस्थाचा प्रपंच हिंसेवाचून पूर्णपणे चालत नाही, हे सर्वांस मान्यच आहे. पण जोंधळ्याचे ताट कणीस पिकले की आपणच वाळते. वृक्षाचे तसे नाही. तो लावणाऱ्याच्या मागे दोन-तीन पिढ्या उभा असतो, आणि तेवढ्या काळात पक्षी, मधमाशा, मुंग्या, वाटसरू, गुरे अशा कितीतरी जीवांचा आसरा होऊन बसतो. तो पाडला म्हणजे एकाच जीवास दुःख होते असे नाही. शिवाय धान्य कापल्यावाचून माणूस जगत नाही; वृक्ष मात्र पुष्कळदा केवळ सोयीसाठी पाडला जातो. अनिवार्य काय आणि सोयीचे काय, हा विवेक येथे आहे, आणि तोच अवघड आहे, कारण सोय ही नेहमी गरजेचे वस्त्र पांघरून येते.

आपल्या समाजात वृक्ष आजवर राखले गेले ते बव्हंशी भयाने. पिंपळावर मुंजा आहे, वडात देवता आहे, देवराईतली काडी उचलली तर घरात अरिष्ट येते, अशा समजुतींनी गावोगावची झाडे वाचली हे नाकारता येत नाही. परंतु अनन्यभक्तीचा उपदेश घेतलेल्यास हे कारण वापरता येत नाही. आपण पिंपळास प्रदक्षिणा घालीत नाही, वडास सूत गुंडाळीत नाही. मग आपल्या लेखी ते नुसते लाकूड ठरले काय? काही तरुण उपदेशी असे बोलताना मी ऐकले आहेत की, देवता मानायची नाही म्हणजे झाडाचा विधिनिषेधही उरला नाही. हा मोठा भ्रम आहे. भय गेले म्हणून दया जावी असे श्रीचक्रधरस्वामींनी कोठे शिकविलेले नाही. उलट, भयाने राखलेले झाड फार काळ टिकत नाही. नारळ फोडून, देवतेचा कौल मागून, मग कुऱ्हाड घालण्याची वाट लोकांनी शोधून काढलेलीच आहे. भय शांत करता येते. दयेला असा उतारा नाही.

पारध्यांपुढे धावणारा ससा स्वामींच्या मांडीआड शिरला आणि वाचला, ती लीळा सर्वांस ठाऊक आहे. तिचे निरूपण करताना आपण शरणागताच्या रक्षणावर भर देतो, ते योग्यच आहे. मला मात्र अलीकडे वाटू लागले आहे की, ससा निदान धावू शकला. वृक्षास कोणाच्या मांडीआड शिरता येत नाही. तो जेथे उभा आहे तेथेच कुऱ्हाडीची वाट पाहतो. म्हणून त्याच्या बाजूने कोणी तरी आपण होऊन उभे राहावे लागते.

सांगली जिल्ह्यात, मिरज तालुक्यातील भोसे येथे २०२० साली असेच घडले. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या रुंदीकरणात यल्लम्मा देवीच्या देवळाजवळचा, लोक ज्याला चारशे वर्षांचा म्हणत, असा वड जाणार होता. गावकरी आणि वृक्षप्रेमी मंडळी झाडापाशी उभी राहिली, शासनापर्यंत दाद गेली आणि आराखड्यात फेर करून तो वड त्या वेळी वाचविण्यात आला. देवीने आपला वड राखला असे कोणी म्हणेल. मला त्यात दुसरेच दिसते. रस्ता हवा हे खरे. रुग्णाला मिरजेच्या दवाखान्यात लवकर पोहोचवावयाचे तर रस्ता हवाच. पण रस्ता तेथूनच हवा, हे खरे नव्हते, आणि ते कोणी विचारीपर्यंत कोणाच्या ध्यानात आले नव्हते. अनिवार्य म्हणून सांगितलेली गोष्ट विचारणा होताच थोडी बाजूला सरते, हा अनुभव नवा नाही.

या विषयावर मराठीत जे सर्वांत विचारपूर्वक लिहिले गेले आहे ते, माझ्या मते, राजनीतीच्या ग्रंथात आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणी हा विचार येतो. (हाच मजकूर पुष्कळ ठिकाणी शिवछत्रपतींचे पत्र म्हणून भिंतीवर लिहिलेला असतो. महाराजांचे धोरण त्यात असेल, पण लेखणी अमात्यांची.) आरमारास लाकूड तर पाहिजे, त्यावाचून गलबते होत नाहीत आणि राज्याचे रक्षण होत नाही. याहून मोठी गरज कोणती सांगावी? तरीही अमात्य सांगतात की, सागवानादी लाकूड अरण्यातून परवानगीने तोडावे, अधिक लागले तर परमुलखातून विकत आणावे. आंबा, फणस यांची लाकडेही आरमाराच्या उपयोगाची आहेत, पण त्यांस हात लावू देऊ नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, आणि ती तोडल्यावर त्या लोकांच्या दुःखास पार राहत नाही. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन, त्याचा संतोष करून मग तोडावे. बळजोरी करू नये.

यात लक्षात घेण्याजोगे असे की, अमात्यांनी झाडाच्या पावित्र्याचा प्रश्न काढलेला नाही. त्यांनी दुःखाचा हिशेब मांडला आहे. ज्याला दुःख होणार त्याला विचारले काय? त्याचा संतोष झाला काय? लाकूड पाहिजे असणाऱ्याने आपल्या गरजेचे ओझे न विचारता दुसऱ्याच्या माथी टाकले तर ते कार्य धर्म्य नव्हे, मग ते राज्यरक्षणाचे का असेना. आजकालचे कायदेही या हिशेबाच्या जवळ येऊ पाहत आहेत. २०२१ साली शहरी भागातील वृक्षांच्या कायद्यात जी दुरुस्ती झाली तीत पन्नास वर्षांवरील झाडांस वारसावृक्ष म्हटले आहे, आणि झाड तोडले तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावी असे ठरविले आहे. वयाची दखल घेतली हे चांगले झाले. पण साठ वर्षांच्या झाडाबद्दल साठ रोपे लावली तरी गेलेली साठ वर्षे लावता येत नाहीत, आणि उद्याच्या उन्हात त्या साठांपैकी एकाचीही सावली पडत नाही.

आता धर्मकार्याची गोष्ट. धर्माच्या नावाने तोडलेल्या झाडाबद्दल कोणास वाईट वाटत नाही, किंवा वाटले तरी बोलता येत नाही. आळंदी-पंढरपूर पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. तो मार्ग श्रीचक्रपाणी प्रभूंच्या फलटणवरून जातो. या कामात वाटेवरची जुनी वडझाडे गेली. ज्यांच्यासाठी रस्ता रुंद झाला त्याच वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या त्या सावल्यांत विसावल्या होत्या. नाशिकच्या तपोवनात २०२५ च्या अखेरीस, २०२७ च्या कुंभमेळ्यातील साधुग्रामासाठी, सुमारे अठराशे झाडांसंबंधी महापालिकेची नोटीस निघाली आणि नागरिकांनी हरकतींचा पाऊस पाडला. तपस्व्यांची सोय करावी म्हणून तपोवन मोकळे करावे, हे ऐकून मला हसू आले नाही, कारण मीही तेच केलेले आहे.

ती गोष्ट अशी. पुष्कळ वर्षांपूर्वी एका लहान आश्रमाची व्यवस्था माझ्याकडे होती. अंगणात एक कडुनिंब होता. यात्रेच्या दिवसांत मंडळी उन्हात बसत, म्हणून सभामंडप बांधावा असे ठरले. मंडप दहा हात मागे घेतला असता तर निंब राहिला असता, पण मग आकार चौरस होत नव्हता. गवंड्याने विचारले आणि मी मान हलविली. हिरवी काडी मोडताना ज्यांचा हात थबकतो असे आम्ही. कुऱ्हाड गृहस्थाच्या हाती होती, म्हणून मला तो दोष माझा वाटला नाही. धर्मकार्य आहे, निमित्त पुण्याचे आहे, असे मनाशी म्हटले. त्या निंबाखाली एक वृद्ध तपस्विनी रोज दुपारी स्मरणास बसत असत. त्यांना मी विचारले नव्हते. त्या काहीही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या विहिरीच्या भिंतीच्या अरुंद सावलीत बसू लागल्या आणि सावली सरकेल तसे आसन सरकवू लागल्या. मंडप झाल्यावर मी त्यांना आत बसावयास सांगितले. त्या म्हणाल्या, "येथे बरे आहे, बाबा." त्या गेल्या तोपर्यंत तेथेच बसत होत्या.

देशाच्या टोकाशी झाडाखाली आयुष्य घालवावे, ही स्वामींची आज्ञा आम्ही नित्य पाठ करतो. स्थानपोथी वाचताना किती तरी ठिकाणी वड-पिंपळ भेटतात. ते वृक्ष काळाने गेले. आता ओटे आहेत आणि आपण ओट्यांस वंदन करतो. काळाने नेले त्याचा शोक करू नये. पण चौरस आकारासाठी मी जे नेले ते काळाच्या खात्यावर घालता येत नाही. मंडप व्यर्थ गेला असे मी म्हणत नाही, तेथे आजही निरूपण चालते. मी एवढेच म्हणतो की, ती गरज नव्हती, सोय होती, आणि जिची सावली जाणार होती तिला मी विचारले नव्हते.

हे मनाशी स्पष्ट झाल्यावर भाद्रपदात पुन्हा रहिमतपूरकडे गेलो आणि दोघा भावांस एकत्र बसविले. धाकट्यास म्हटले, "तुमच्या सऱ्यांचे नुकसान खरे आहे. पण तो आंबा तुमच्या एकट्याचा नाही, आणि दादांना न विचारता माझ्याकडून पापपुण्याचा निकाल नेऊन त्यांच्या तोंडावर मारण्यात अर्थ नाही." थोरले समाधानाने मान हलवू लागले, तेव्हा त्यांच्याकडे वळलो. "दादा, तुमची माया खरी. पण त्या मायेची किंमत आजवर कोण देत आहे? सावली भावाच्या रानात पडते आणि दया तुम्ही करता. झाड राखावयाचे तर नुकसानीत तुमचाही वाटा पाहिजे." ते बराच वेळ गप्प राहिले. दुसऱ्याच्या पदरच्या खर्चाने केलेली दया हा दोष झाडे राखू पाहणाऱ्या पुष्कळांत असतो. कुऱ्हाडवाल्याचे दोष आपण मोजतो, हा मोजीत नाही.

शेवटी असे ठरले की, धाकट्याच्या रानावर आलेल्या दोन फांद्या सुगी आटोपल्यावर उतरवाव्या, सावलीत राहणाऱ्या सऱ्यांबद्दल थोरल्याने आपल्या बाजूची तेवढी पट्टी द्यावी, आणि आंबे निम्मे-निम्मे. धाकट्याचे अजून म्हणणे आहे की मुळे पाणी ओढतातच. थोरल्याने पट्टी दिली आहे, पण खुशीने दिली असे त्यांचा चेहरा सांगत नव्हता. फांद्या उतरविताना हजर राहण्यास मला दोघांनीही निरोप धाडला आहे.