जन्म कुठे, की जन्म कुणाचा?

जून महिना होता. आमच्या उर्दू शाळेत प्रवेशाची गडबड चालली होती. एक आई आपल्या मुलाला घेऊन आली. नवरा गवंडीकाम करतो, गाव मुर्शिदाबाद जिल्ह्यातले. मुलाचा जन्मदाखला नव्हता. "यहींच पैदा हुआ टीचर, पूना में, बारिश के दिनों में," ती म्हणाली. मी पुन्हा विचारले. मग तिसऱ्यांदा विचारले. तिसऱ्यांदा माझ्या आवाजात चौकशी नव्हती, संशय होता. हे लोक नक्की मुर्शिदाबादचेच ना? की पलीकडचे?

वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही, असे शिक्षण हक्क कायदा २००९ च्या १४ व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. मला ते ठाऊक होते. मुलाचे नाव मी रजिस्टरात लिहून घेतले. पण मनातला संशय मला रात्रभर टोचत राहिला. ज्या संशयाचा आपल्याला स्वतःला एवढा त्रास होतो, तोच मी एका गरीब आईवर इतक्या सहज कसा वापरला?

याच सुमारास अमेरिकेतल्या बातम्या मी वाचत होते. २० जानेवारी २०२५ रोजी, शपथ घेतली त्याच दिवशी, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी एक आदेश काढला. आई बेकायदा किंवा तात्पुरत्या परवान्यावर राहत असेल आणि वडील नागरिक किंवा कायमचे रहिवासी नसतील, तर तिथे जन्मलेल्या मुलाला यापुढे नागरिक मानू नये, असा तो आदेश. खालच्या न्यायालयांनी तो अडवला. डिसेंबर २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध की अवैध हा प्रश्न सुनावणीला घेतला. निकाल आपल्या जागी. पण त्यामागचा नैतिक प्रश्न आपलाही आहे.

अमेरिकेच्या संविधानातली १४ वी दुरुस्ती १८६८ ची. गुलामगिरी संपली, तरी गुलामांच्या मुलांना नागरिक कोण म्हणणार? म्हणून लिहिले गेले की या भूमीवर जन्मलेला आणि तिच्या कायद्याखाली असलेला प्रत्येक जण नागरिक. पुढे वाँग किम आर्क नावाच्या एका स्वयंपाक्याला १८९५ मध्ये चीनहून परतताना सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरावर अडवले. आईबाप चिनी, जन्म मात्र त्याच शहरातला. १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अमेरिकन नागरिकच असल्याचा निकाल दिला.

त्या निकालपत्रात वाँगचे जन्मवर्ष १८७३ दिले आहे. त्याच वर्षी आपल्या पुण्यात जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना त्यांनी ते अर्पण केले आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा व्यक्त केली. अमेरिकेने त्या स्तुतीची लाज नेहमी राखली असे नाही. १८८२ मध्ये तिने चिनी मजुरांना कायद्याने दार बंद केले. पण जोतीरावांनी त्या देशाच्या एका कृत्याला सलाम केला होता, सगळ्या इतिहासाला नव्हे.

इथे एक पेच आहे. जन्मावरून माणूस उच्च-नीच ठरू नये, हे जोतीरावांचे सांगणे. मग जन्मावरून नागरिकत्व तरी का मिळावे? जन्माची जागाही योगायोगच ना?

योगायोगच. पण दोन प्रश्नांत फरक आहे. 'कुठे जन्मलास?' या प्रश्नाला राजाचे आणि मजुराचे मूल एकच उत्तर देते. 'कुणाचा?' या प्रश्नाला बापाचे नाव लागते, बापाचे कागद लागतात, मग त्याच्या बापाचे. जातही हाच प्रश्न विचारते. आणि आपण तरी? निकाहाची बोलणी निघाली की पहिला सवाल असतो, बिरादरी कोणती?

कुणी म्हणेल, देशाला सीमा हवीच. मान्य आहे. जो सीमा ओलांडून येतो, त्याच्याबाबत कायद्याने काय ते ठरवावे. बाळाने मात्र कोणतीही सीमा ओलांडलेली नसते. १९८२ मध्ये टेक्सासच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी असे धरले की कायदेशीर कागद नाहीत म्हणून मुलांना सरकारी शाळेचे दार बंद करता येणार नाही.

अमेरिकेकडे बोट दाखवताना आपल्या घरातही पाहावे. माझी अम्मी १९६० च्या दशकात पुण्यात जन्मली. आपल्या नागरिकत्व कायद्यानुसार तिला एवढे सांगणे पुरते. माझा जन्म १ जुलै १९८७ नंतरचा, म्हणून आई किंवा वडील नागरिक होते हेही मला दाखवावे लागेल. माझे विद्यार्थी ३ डिसेंबर २००४ नंतरचे. त्यांना दोघांचाही हिशेब द्यावा लागेल: दोघे नागरिक, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नाही. शहर तेच, गल्ली तीच. तीन पिढ्यांत प्रश्न 'कुठे'वरून 'कुणाचा'वर सरकला आणि आपल्यापैकी बहुतेकांना त्याची खबरही नव्हती. अमेरिकेत जे एका आदेशाने करू पाहिले, ते आपल्याकडे संसदेच्या दुरुस्त्यांनी हळूहळू झाले.

हे कायदे बदलणे शिक्षिकेच्या हाती नाही. तिच्या हाती रजिस्टर आहे, आणि समोर आलेल्या आईशी बोलण्याचा आवाज आहे. अन्याय नेहमी वरून हुकूम घेऊनच येतो असे नाही. कधी तो टेबलाच्या अलीकडे बसलेल्या, स्वतः भ्यालेल्या माणसाच्या तोंडून तिसऱ्यांदा विचारल्या गेलेल्या प्रश्नातूनही येतो.

तो मुलगा आता रोज शाळेत येतो. त्याच्या आईची मी माफी मागितली. तिला ती कशाबद्दल हे कळले नाही. तिसऱ्यांदा विचारले जाण्याची तिला सवय होती. मला सर्वांत जास्त लागले ते हेच.