दंड भरला, वस्तू परत केली काय?

दंड भरून घर नियमित करून घेतले तर ते धर्मदृष्ट्याही शुद्ध होते काय, असा प्रश्न कल्याण-शीळ रस्त्यावरील मानपाड्यास एका सज्जनाने आम्हांस विचारला. आयुष्याची पुंजी घातलेले घर. जागा मात्र मुळात पाणी साचायची खाचरे, भराव घालून उंच केलेली.

धर्मशास्त्रात दंड निराळा, प्रायश्चित्त निराळे. दंड राजाच्या कोशात जातो. चोरीच्या प्रायश्चित्तात मात्र चोरलेली वस्तू आधी धन्याला परत करावी लागते. आता खाचरांचा धनी कागदावर कोणीही असो, पावसाळ्यातले चार महिने तेथे पाण्याची वहिवाट होती. ती कोणी मोडली आणि परत कोण करणार?

कायद्यालाही हे थोडेफार कळते. १९६६ च्या नगररचना कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन २०१५ अखेरपर्यंतची बेकायदा बांधकामे नियमित करण्याची वाट निघाली, तरी निळ्या पूररेषेच्या आतली वगळली. ही रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. पण हा सगळा हिशेब मागच्या पुरांचा! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. हजारावर माणसे बाहेर काढावी लागली. अरबी समुद्र तापतो आहे, थोड्या वेळात फार कोसळणारा पाऊस वाढतो आहे, असे जाणते सांगतात. मग रेषा जुनीच कशी चालेल? ती नव्याने आखावी, आणि नदीपुरती न ठेवता ओढ्या-नाल्यांनाही लावावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, महाराज, संत दयाळू होते आणि तुम्ही गरिबाचे घर पाडायला निघालात! बाबांनो, जेथे पाणी येणार तेथे माणसाला निजू देणे ही कसली दया? आधी दुसरे छप्पर द्यावे, मग जागा मोकळी करावी. आणि त्याचा खर्च भराव घालून नफा नेणाऱ्याकडून वसूल व्हावा. पंढरीत चंद्रभागेच्या वाळवंटातल्या राहुट्यांवर न्यायालयाने मर्यादा घातली, कारण स्वच्छतेचे होते, तेव्हा आपल्यालाही जड गेलेच. पण पैलतीरी ६५ एकरांत सोय झाली म्हणून आपण उठलो.

विकास आराखडा मंजूर होण्याआधी सरकार हरकती मागवते. आपल्या दिंडीतल्या म्हाताऱ्यांना, पूर्वी पाणी कोठवर यायचे ते पाठ असते. ते त्यांच्याकडून लिहून घ्यावे, खाली सह्या-अंगठे घ्यावेत आणि मुदतीत नेऊन द्यावे.